आत कोण होतं

६ जानेवारी

आली होती ती मुलगी. कॉलेजात इतिहास शिकवते म्हणे — मला वाटलं होतं, अजून शिकतच असेल. बर्फाच्या कारखान्याची इमारत नगरपालिकेने घेतली आहे. तिथे वाचनालय होणार. एका भिंतीवर वस्तीचा इतिहास लावायचा आणि तो हिने लिहायचा. त्यात एक पाटी यांची. घरच्यांची सही लागते, म्हणून माझ्याकडे.

"काकू, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

सांगितलं. अमोनिया सुटला, सगळे बाहेर पळाले, हे उलटे आत गेले, मोठा व्हॉल्व्ह बंद केला, शेजारच्या शाळेतली पोरं वाचली आणि हे राहिले. इतक्यांदा सांगून झालंय की तोंड आपोआप चालतं. मध्येच उठून दूध बघून येते मी, तरी वाक्य तुटत नाही.

तिने विचारलं, "हे तुम्ही पाहिलंत?"

मी कशी पाहणार! मी घरी होते, कुणाच्या तरी जॅकेटला चेन बसवत.

"मग कुणी पाहिलं?"

नऊ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. एवढी जाडजूड पुस्तकं वाचते, कुठल्या कुठल्या राजांच्या लढायांचे हिशेब मागते, आणि घरातल्या माणसाचं कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर कप विसळला. एकच होता. मी घेतलाच नव्हता.

८ जानेवारी

पँटी आखूड करून दिल्या. उशांचे अभ्रे शिवले. बाकी काही नाही.

९ जानेवारी

नातीचा फोन. शाळेत भाषणाची स्पर्धा आहे, विषय 'माझे आदर्श'. ती आजोबांवर बोलणार. "आजी, आजोबांनी नक्की किती मुलं वाचवली?"

म्हटलं, मोजली नव्हती गं कुणी.

"मी पाचशे सांगू?"

शाळेत तेव्हा पाचशे मुलं नव्हतीच. पहिल्या वर्षी गोष्टीत फक्त शेजारची गल्ली वाचली होती. मग शाळा आली. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भाषणात सगळी वस्ती वाचवली. हे मेल्यावर फारच कामाला लागले आहेत! जिवंतपणी ठरलेली वेळ संपली की एक मिनिट जास्त थांबत नव्हते.

त्या गोष्टीत हे दाराशी उभे राहून ओरडतात, "तुम्ही निघा! मी बघतो!" ही ओळ सगळ्यांना पाठ आहे. नात ती म्हणताना हात वर करते. मला ती ऐकताना दरवेळी वाटतं, हा कोण बाबा? आमचा माणूस ओरडणारा नव्हता. कुरकुर करणारा होता. कारखान्यात यांना 'कायदा' म्हणायचे. हे आत शिरले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "कायदा आला रे!" आणि विड्या विझायच्या. घरीही तेच. आंघोळीचं पाणी जास्त तापवलं की बोलणं, दिवा जळत राहिला की बोलणं. माझी पुस्तकं मात्र रद्दीवाल्याकडून हेच आणायचे. कुरकुरतच. "शेवटची पानं नाहीत म्हणून स्वस्त दिलं. शेवट तुझा तू कर."

लोक गोष्ट सांगतात तेव्हा मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, भरून आलं. काही भरून येत नाही. ज्याची गोष्ट चाललीय त्याला मी ओळखतच नाही, एवढंच.

१२ जानेवारी

जुन्या वाचनालयात गेले. आमचे ग्रंथपाल म्हणाले, "काकू, तुम्ही येता म्हणून हे कपाट उघडतं. नाहीतर वाळवीच वाचत बसली असती."

नदीवरून घोडा उडवणाऱ्या राजाचं पुस्तक परत केलं. एका पुस्तकात राजाने घोड्यासकट नदी ओलांडली, पाठीमागे शत्रू, खाली पुराचं पाणी. दुसऱ्या पुस्तकात एक कंटाळवाणा माणूस लिहितो की त्या जागी तेव्हा दगडी पूल होता, त्याच्या डागडुजीचा खर्चही सापडला आहे. आता पूल होता तर उडी कशाला मारायची? राजा पुलावरूनच गेला असणार. आपल्यासारखा.

पण पुलाचं चित्र कुणी काढत नाही. नदीकाठी पुतळा उडीचाच आहे.

पूर्वी मला त्या कंटाळवाण्या माणसाचं फार कौतुक वाटायचं. आज पुस्तक परत देताना वाटलं, त्याने पुलाचं शोधून काढलं त्या दिवशी त्याला घरी गेल्यावर कसं वाटलं असेल. कुणाला सांगितलं असेल? बायको म्हणाली असेल, बरं, हात धुऊन घ्या.

१४ जानेवारी

इतिहासवाली पुन्हा आली. या वेळी कारखान्याचा नकाशा घेऊन. टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर माझी कात्री आणि दोऱ्याची रिळं ठेवली. हुशार आहे. "काकू, ते कुठे सापडले?"

मी बोट ठेवलं. मागच्या अंगाला, भुशाच्या खोलीच्या दारात. बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून ठेवायचे, त्या भुशाची खोली. तिथूनच बाहेर आणलं यांना, मागच्या गल्लीत. तोवर मी धावत तिथे पोचले होते. कपड्यांना भुसा लागला होता तो झटकला मी.

ती लिहिता लिहिता थांबली. "आणि व्हॉल्व्ह?"

व्हॉल्व्ह मशीनखोलीत. पुढे, रस्त्याच्या बाजूला. नकाशावर माझं बोट एका टोकाला, तिचं दुसऱ्या टोकाला. मध्ये अख्खा कारखाना.



मग ती हळूच म्हणाली, "मी त्या वेळच्या बंबवाल्यांना भेटले. ते म्हणतात, व्हॉल्व्ह आम्ही येऊन बंद केला. बाहेरून. तिथे बाहेर चाक होतं. आधी तो उघडाच होता."

"बरं," मी म्हणाले.

"काकू, तुम्हाला त्रास होत असेल तर आपण—"

"चहा ठेवते," मी म्हणाले.

त्रास झाला नाही. पायाला मुंग्या आल्या असताना कुणी टाचणी टोचली तर कळतं की टोचली, पण दुखत नाही, तसं.

१५ जानेवारी

मग हे मागे कशाला गेले?

१७ जानेवारी

लेक आली. आल्या आल्या पर्स खुर्चीवर आपटली. इतिहासवालीने तिलाही फोन केला होता.

"आई, तुला काय मिळणार आहे हे उकरून?"

म्हटलं, माहीत नाही काय मिळणार.

"नऊ वर्षं सगळं नीट चाललंय. लोक बाबांचं नाव काढतात. आपल्याकडे मानाने बघतात. आता ती कोण पोरगी येते आणि—"

"तिने काही केलेलं नाही. तिने नकाशा आणला."

"नकाशा!" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "तू आणि तुझी पुस्तकं. बाबा म्हणायचेच, हिला जेवणात खडा सापडला तरी हिला आधी तो कुठल्या डोंगराचा ते बघायचं असतं."

हे म्हणायचे खरे तसं. मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग ती रडायला लागली. हे गेले तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. पोट धरून स्मशानापर्यंत आली होती, कुणाचं ऐकलं नाही.

रडू ओसरल्यावर म्हणाली, "माझ्या पोरीला आजोबा नाहीत, आई. तिला फक्त गोष्ट आहे. तीही काढून घेणार तू?"

  तिच्या कुर्त्याची शिवण उसवली होती, ती घालून दिली. अंगावरच. ती लहानपणी उभी राहायची तशी उभी राहिली.

१८ जानेवारी

रविवार. डुलकी आला. हा यांच्याबरोबर कारखान्यात होता, जागा मिळेल तिथे झोपायचा म्हणून डुलकी. हे गेल्यापासून दर रविवारी येतो. नळ, खिडकी, गॅसची शेगडी — काही ना काही दुरुस्त करतो. नसेल बिघडलेलं तरी करतो. मग बिघडतं.

"वहिनी, हा नळ गळतोय."

"मागच्या रविवारी तू दुरुस्त केलास तेव्हापासून."

"म्हणजे माझाच पेशंट!" म्हणाला आणि नळाखाली बसला. नेहमीसारखी गोष्ट सुरू केली — परवा कुठल्याशा दुकानात यांचा विषय निघाला, दुकानदार म्हणाला असा माणूस होणे नाही, वगैरे.

मी मध्येच विचारलं, "व्हॉल्व्ह तर बंबवाल्यांनी बंद केला ना?"

त्याने पाना थांबवला नाही. आवळतच राहिला. नळाचे आटे गेले, पाणी उडालं, तरी आवळतोय!

"जुनी गोष्ट, वहिनी."

"जुनीच विचारतेय."

भिजलेल्या सदऱ्यानेच उठला. चहा न घेता गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. नळाखाली बादली लावून ठेवली आहे.

२१ जानेवारी

कारखान्याच्या जुन्या मुकादमांकडे जाऊन आले. टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहतात आता, मुलाकडे. फार थकले आहेत, पण मला बघून सदऱ्याची बटणं लावली.

म्हटलं, हे भुशाच्या खोलीकडे का गेले ते तुम्हाला माहीत असणार.

 मग म्हणाले, "बिल्ल्यामुळे, वहिनी."

फाटकाजवळ लाकडी फळा होता. खिळ्यांवर पितळी बिल्ले. आत जाताना आपला बिल्ला लटकवायचा, बाहेर पडताना काढायचा. फळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. कागदोपत्री असं. पण कारखान्यात रीत वेगळी. कुणाला लवकर सटकायचं असलं की बिल्ला तसाच लटकत ठेवून जायचा आणि सुटीच्या वेळी दोस्ताने तो आपल्याबरोबर काढून न्यायचा. सगळे करायचे. मुकादम स्वतः कानाडोळा करायचे. "पोरंबाळंवाली माणसं, वहिनी. कुणाला दवाखाना, कुणाला काय."

त्या दिवशी डुलकी जेवणाच्या सुटीतच घरी गेला होता. झोपायला. बिल्ला लटकत होता. काढायचं काम तेलवाल्याकडे, मशिनींना तेल घालणारा होता तो.

"यांना माहीत नव्हतं?"

"कायद्याला कोण सांगणार!" ते म्हणाले. आणि मग घाईने, "म्हणजे... त्यांना आवडायचं नाही ना."

गॅस सुटला. सगळे रस्त्यावर. डोळे चोळत, खोकत. यांनी वळून फळ्याकडे पाहिलं. पळतानाही सवयीने सगळ्यांनी आपापला बिल्ला ओढून घेतला होता, एकच उरला होता. डुलकीचा. डुलकी कुठे झोपतो ते अख्ख्या कारखान्याला ठाऊक — भुशाच्या खोलीत, ऊब असते. हे रुमाल तोंडाला लावून आत गेले.

"तुम्ही कुणी ओरडला नाहीत? की तो आत नाही म्हणून?"

"मला माहीत नव्हतं तो गेलाय. तेलवाल्याला माहीत होतं."

"मग तेलवाला?"

"ओकत होता. गटारावर वाकून. मान वर केली तेव्हा हे आत गेले होते."

मी पाणी मागितलं. सुनेने आणून दिलं.

"आणि ती व्हॉल्व्हची गोष्ट कुणी रचली?"

मुकादमांनी मान हलवली. "रचली कुणीच नाही. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, आत कशाला गेला? कुणीतरी म्हणालं, व्हॉल्व्ह बंद करायला गेला असेल. दुसऱ्या दिवशी 'असेल' गळून पडलं. सगळ्यांना बरं वाटलं, वहिनी. शपथेवर सांगतो, मलासुद्धा."

निघताना जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "रागावू नका." रागावले नव्हते. राग यायला हवा होता हे मला जिना उतरून खाली आल्यावर सुचलं.

२२ जानेवारी

इस्त्री केली. सगळी. दोनदा धुतलेले पडदेसुद्धा.

२४ जानेवारी

आज नीट विचार केला.

हे भिंतीवर जे लटकत होतं त्यावर विश्वास ठेवून गेले. दुसऱ्या कुणी तो फळा बघितलाही नाही, बघितला तरी त्याचा अर्थ काय ते सगळ्यांना माहीत होतं — काहीच नाही. फक्त यांनीच तो खरा मानला. मी यांना हसायचे आणि स्वतः काय वेगळं करते? छापलेलं दिसलं की खरं. कुणीतरी कधीतरी लटकवलं, काढायला विसरलं, आणि आम्ही शंभर वर्षांनी बघून म्हणतो, माणूस आत होता.

मग इतिहास वाचायचा तो कशासाठी? गोष्ट तर बरी असते. पोरं हात वर करून म्हणतात, माणसं ताठ चालतात. माझी लेक नऊ वर्षं त्या गोष्टीच्या आधाराने उभी आहे. आणि खरं काय, तर एक माणूस रिकाम्या खोलीत गेला. हे कळून कुणाचं भलं झालं?

दुपारी शिवणयंत्रावर बसले होते आणि एकदम दिसले मला हे. नऊ वर्षांनी. कपाळाला आठ्या, नाकावर तो निळा चौकटीचा रुमाल, भुशाच्या ढिगात पायाने ढोसत. "ऊठ रे, पेंगट. कामाच्या वेळी झोपतो! ऊठ, आधी बाहेर हो, मग बघतो तुझ्याकडे." अगदी आवाजासकट. डुलकी सापडेना तसे जास्तच चिडलेले. दुसऱ्या ढिगाकडे वळलेले. आता तो सापडल्याशिवाय हे बाहेर येणार नव्हतेच. कपाटात एक मोजा सापडला नाही तर सगळं कपाट रिकामं करणारा माणूस.

हे माझे. तो ओरडणारा नव्हे. हे.

रडू आलं नाही. पण भूक लागली. ताटभर जेवले, आणि परत वाढून घेतलं.

२५ जानेवारी

रविवार. डुलकी येणार नाही वाटलं होतं. आला. दारातच उभा. हातात पाना नाही.

"मुकादमांनी सांगितलं मला, तुम्ही येऊन गेलात ते."

"आत ये. नळ गळतोय."

"वहिनी, मारा मला."

"मारून काय होणार? मग नळ कोण दुरुस्त करणार?"

बसला खाली, उंबऱ्यावरच. साठीकडे झुकलेला माणूस. म्हणाला, त्या दिवशी संध्याकाळी बायकोने हलवून उठवलं, कारखान्यात काहीतरी झालंय म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, झोपू दे. हे वाक्य त्याच्या कानातून जात नाही. तेव्हापासून त्याला रात्री झोप लागत नाही. डुलकी नावाचा माणूस, आणि झोप नाही!

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं मला दर रविवारी ती व्हॉल्व्हची गोष्ट का ऐकवत होतास? मी तरी विचारली नव्हती."

तो म्हणाला, "त्या गोष्टीत मी कुठेच नाही ना, वहिनी. म्हणून आवडते मला ती."

 आत गेले, चहा टाकला. मागून त्याचा आवाज — "पाटीवर लिहायचं असेल तर लिहा. फक्त मला आधी बायकोला सांगू द्या. बिल्ल्याचं तिला माहीत नाही."

"नाव नाही लिहिणार तुझं."

"का?"

"पाटी यांची आहे," मी म्हटलं. "तुला कशाला त्यात जागा हवी?"

तेव्हा हसला थोडा. नळ दुरुस्त करून गेला. अजून गळतोय.

२८ जानेवारी

इतिहासवालीला सगळं सांगितलं. ती मुकादमांना आणि तेलवाल्याला भेटून आली होती. दोघांचंही माझ्या सांगण्याशी जुळतंय म्हणाली. मला विचारलं, पाटीवर काय लिहू, अजूनही तुम्ही म्हणाल तसं.

मी उलट विचारलं, "तू सांग मला. इतिहास कशासाठी शिकायचा?"

"काकू, हाच प्रश्न मला परीक्षेत आला होता. पानभर लिहिलं होतं. छान गुण पडले."

"काय लिहिलं होतंस?"

"काही आठवत नाही!"

दोघी हसलो. मग कागद घेऊन बसलो. ती मऊ मऊ वाक्यं काढत होती — 'सहकाऱ्यांच्या काळजीपोटी', 'प्राणांची पर्वा न करता'. मी खोडत गेले. यांना प्राणांची फार पर्वा होती. गळ्याभोवती मफलर न घेता हे जानेवारीत फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हते. शेवटी उरलं ते असं —

'वायुगळती झाल्यावर ते सुखरूप बाहेर आले होते. एक सहकारी आत राहिला आहे असे समजून ते परत आत गेले. आत कुणी नव्हते. भुशाच्या खोलीजवळ त्यांचा मृत्यू झाला. व्हॉल्व्ह अग्निशमन दलाने बंद केला.'

तिने पुन्हा वाचलं. "'आत कुणी नव्हते' हे ठेवायचं? त्याच्याशिवायही अर्थ लागतो."

"ठेवायचं," मी म्हटलं. नाहीतर पुन्हा कुणीतरी कुणालातरी आत घालेल. पुन्हा वाचवतील हे त्याला.

सही केली.

१ फेब्रुवारी

लेकीला फोन करून पाटीचा मजकूर वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला. "झालं?" म्हणाली. ठेवून दिला.

४ फेब्रुवारी

नातीचं भाषण झालं. तिने व्हॉल्व्हचंच केलं. पहिला नंबर! लेकीने कळवलं, फक्त एवढंच. खाली नातीचा फोटो, हात वर केलेला.

८ फेब्रुवारी

वाचनालयाचं उद्घाटन. गर्दी होती. बर्फाच्या टाक्या होत्या तिथे आता टेबलं आहेत. थंडी मात्र अजून फरशीतून वर येते.

पाटीसमोर लोक थांबत होते, वाचत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. शेजारीण म्हणाली, "हे काय केलंत हो! स्वतःच्या हाताने माणसाची किंमत घालवलीत." ज्यांनी भाषणात सगळी वस्ती वाचवली होती ते गृहस्थ माझ्याशी बोललेच नाहीत. लेक आली. उभी राहून वाचलं, ओठ हलवत, शाळेतल्यासारखं. माझ्या हाताला हात लावला आणि गेली. त्याचा अर्थ मला लावता आला नाही.

डुलकी आला, बायकोला घेऊन. सांगितलं असावं त्याने. ती पाटी वाचून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कार्यक्रम संपेपर्यंत तशीच.  डुलकी पार मागे, दाराजवळ.

एक तरुण बाप आपल्या मुलीला मजकूर वाचून दाखवत होता. मुलगी म्हणाली, "मग ते कुणासाठी गेले?" बाप म्हणाला, "कुणासाठीच नाही गं. फुकट गेला बिचारा."

चांगला माणूस होता तो बाप. वाईट वाटून म्हणाला. मला समोर बघून ओळखलंही नाही त्याने.

घरी चालत आले.

१० फेब्रुवारी

'फुकट' जात नाही डोक्यातून.

गोष्टीत हे परके होते, पण कशासाठी तरी गेले होते. आता माझे आहेत आणि कशासाठीच नाही गेले. दोन्ही एकदम मिळत नाही वाटतं. यंत्राला दोरा ओवला. शिवलं काहीच नाही.

१३ फेब्रुवारी

दुपारी दार वाजलं. अनोळखी बाई, माझ्याहून बरीच लहान. बरोबर शाळेच्या वेशातली मुलगी. बाई आत येईना. "कायदासाहेबांचं घर हेच का?" म्हणाली, आणि उभ्या उभ्याच सुरू झाली.

त्या वेळी ती कारखान्यात रोजंदारीवर होती. गोण्या शिवायची. बाकीच्या दुपारीच गेल्या, हिच्या थोड्या राहिल्या होत्या म्हणून भुशाच्या खोलीत बसली होती. "आम्हाला बिल्ले कुठे होते, बाई! फळ्यावर मी नव्हतेच." गॅस आला तसं मागचं दार उघडेना, गंजलेली कडी. कुणीतरी लाथ घालून उघडलं, दंड धरून तिला गल्लीत ढकललं. खूप चिडलेले होते, म्हणाली. "तू इथे काय करतेस? तो कुठाय?" हिला काय माहीत तो कोण. ते पुन्हा आत वळले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे व्हॉल्व्हचं ऐकलं. तिला वाटलं, मला काढून मग तिकडे गेले असतील. मोठ्या कामाला. आपलं काय मध्ये सांगायचं.

तिला वाचता येत नाही. मुलीने काल पाटी वाचून दाखवली.

"ते चुकलंय, बाई," ती म्हणाली. "आत कुणी नव्हतं, असं लिहिलंय. मी होते."